दुकानात जुळलेला ब्लाऊजपीस घरीही जुळावा म्हणून

मॅचिंग सेंटरमध्ये माझ्या आमसुली साडीवर तंतोतंत बसलेला ब्लाऊजपीस दुसऱ्या दिवशी गॅलरीत उलगडला, तर चक्क चॉकलेटी! दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. कापड तेच होतं, उजेड बदलला होता.

डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकुपेशी साधारण 60 लाख असतात, पण त्यांचे प्रकार तीनच. कापडावरून कितीही तऱ्हेचा प्रकाश येवो, या तिघींना तो कमी-जास्त किती जाणवला, एवढ्यावरूनच मेंदू रंग ठरवतो. वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेली दोन कापडं ट्यूबलाइटखाली तिघींना सारखीच जाणवतात आणि उन्हात वेगळी. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून खरेदीला निघताना एवढं करा.

साडीच सोबत न्या, मोबाइलवरचा फोटो नको. पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे सरकतात. दुकानात पदराचं टोक उघडलं तरी पुरतं.

दिवसाउजेडी जा. उजेड मंदावला की शंकुपेशी मागे पडतात आणि काम दंडपेशींकडे जातं. त्यांना रंगांतला फरक कळत नाही, लाल तर जवळजवळ दिसतच नाही. दिवेलागणीला कुंडीतली जास्वंद काळपट होते आणि तिचीच पानं उजळ वाटतात, ते यामुळे.

पीस आवडला की तो दुकानाच्या पायरीवर, सावलीत नेऊन बघा. थेट ऊन नको. समारंभ रात्रीचा असेल तर पिवळ्या दिव्याखालीही एकदा धरा.

एकामागून एक दहा राणी कलर बघितले की अकरावा मळकट वाटू लागतो. तो मळका नसतो, त्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी थकलेल्या असतात. घरी करून बघा: लालभडक कापडाकडे अर्धा मिनिट एकटक पाहा, मग पांढऱ्या भिंतीकडे. तिथे निळसर हिरवा डाग तरंगेल. दुकानात यावर उपाय म्हणजे मधूनमधून अस्तराच्या पांढऱ्या ठाणाकडे नजर वळवणं.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो काठ. पॅरिसच्या गोबलां विणकामशाळेत काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. रंगाई खात्याचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी तपासलं, तर धाग्याचा रंग चांगलाच होता. विणीतले शेजारचे रंग त्याला फिका दाखवत होते. त्यांनी 1839 मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडेही हिरव्या काठाजवळ ठेवलेला लाल पीस असतो त्याहून जास्त लाल भासतो. तेव्हा पीस साडीच्या अंगाला भिडवा, मध्ये फट ठेवू नका, आणि वरून रुपयाएवढं भोक पाडलेला पांढरा कागद ठेवा. काठ झाकला जाईल. भोकातून दोन कापडांची सीमारेषा दिसेनाशी झाली, तर रंग जुळला. रेशीम असेल तर तिरकं धरूनही बघा, त्याची चमक फसवते.

निळ्या-जांभळ्याच्या बाबतीत आजीपेक्षा नातीचा कौल घ्या. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवू लागतं.

तो चॉकलेटी पीस मी मोतिया साडीवर शिवला. कॉन्ट्रास्ट घेतला की पायरीवर जावं लागत नाही.