ऑलिव्ह तेल कोणतं घ्यावं: लेबलवरचे शब्द आणि भाकरीवरची पारख

माझं माहेर लातूरकडचं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर करडईचं कच्चं तेल हे आमचं रोजचं खाणं. घाण्यावरून नवं तेल आलं की आजी ते आधी भाकरीवर घालून बघायची, मगच कढईत जायचं. एका घासात ती सांगायची, ही करडई यंदाची आहे की कोठारात पडून राहिलेली. ऑलिव्ह तेल निवडताना मला शेवटी हीच रीत उपयोगी पडली. पण ती सुचायला आठ महिने गेले.

ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कुणीतरी आपुलकीने सांगितलं, घरातलं तेल बदला, ऑलिव्ह आणा. मी पुण्यात दुकानातला पाच लिटरचा डबा उचलला. बाजूच्या बाटल्यांपेक्षा लिटरमागे तो खूपच स्वस्त होता. पोळ्यांपासून फोडणीपर्यंत सगळं त्यात केलं. डब्यावर बारीक अक्षरांत ‘पोमेस’ लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. म्हणून आधी हे शब्द समजून घ्या.

‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे ऑलिव्हची फळं दळून, लगदा घुसळून, यंत्रात फिरवून वेगळं केलेलं तेल. त्यावर रसायनांची प्रक्रिया नाही, रिफायनिंग नाही. त्यातल्या सुट्या आम्लांचं (फळ किंवा तेल बिघडू लागलं की ही वाढतात) प्रमाण 0.8 टक्क्यांच्या आत लागतं, आणि चाखणाऱ्या प्रशिक्षित मंडळाला त्यात एकही दोष सापडता कामा नये. ‘व्हर्जिन’ही तसंच काढलेलं, फक्त त्याला 2 टक्क्यांपर्यंत सूट असते. आपल्या दुकानांत ते क्वचितच दिसतं. ‘प्युअर’, ‘क्लासिक’ किंवा नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’ लिहिलेल्या बाटलीत रिफाइंड ऑलिव्ह तेल असतं आणि चवीपुरतं थोडं व्हर्जिन मिसळलेलं असतं. ‘लाइट’ आणि ‘एक्स्ट्रा लाइट’ही रिफाइंडच. तिथला हलकेपणा रंगाचा आणि वासाचा आहे, उष्मांकांचा नाही. कुठलंही तेल घ्या, एका ग्रॅमला 9 कॅलरी ठरलेल्या. माझ्या मैत्रिणीने वजन कमी करायचं म्हणून वर्षभर ‘लाइट’ वापरलं, तेही सढळ हाताने, म्हणून हे मुद्दाम सांगते.

लेबलवर ‘आम्लता कमी’ असं ठळक छापलेलं असलं तरी तेवढ्यावर भुलू नका. रिफाइंड ऑलिव्ह तेलात ती 0.3 टक्क्यांच्याही आत असते, कारण ती धुऊन काढलेली असते. शिवाय ही आम्लता जिभेला लागत नाही, प्रयोगशाळेतच कळते.

आता पोमेस. तेल निघाल्यावर साल, गर आणि बिया यांचा चोथा उरतो. त्यातलं उरलंसुरलं तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने काढतात, रिफाइंड करतात आणि त्यात थोडं व्हर्जिन मिसळतात. लातूरच्या माणसाला हे चटकन कळेल, कारण सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट आम्ही पाहिलेले आहेत. पोमेस खाण्यालायक आहे, त्यात ओलेइक आम्लही (ऑलिव्ह तेलातली चांगली मानली जाणारी चरबी) भरपूर आहे. पण ज्या घटकांसाठी आपण ऑलिव्हला एवढे पैसे मोजतो, ते पॉलिफेनॉल (फळातली कडवट-तिखट, उपयुक्त द्रव्यं) त्यात जवळजवळ उरत नाहीत. ‘भारतीय स्वयंपाकासाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बरेचदा हेच असतं. स्पेनमध्ये हृदयरोगाचा धोका असलेल्या सुमारे 7,400 लोकांवर जो मोठा अभ्यास झाला (निष्कर्ष 2013 मध्ये आले, लोकांना गटांत वाटण्यातल्या चुका सुधारून 2018 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले), त्यात तेलाच्या गटातल्या लोकांना एक्स्ट्रा व्हर्जिन दिलं होतं. त्या अभ्यासाच्या भरवशावर पोमेस घेण्यात अर्थ नाही. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं. मी पथ्य म्हणून जे मनापासून करत होते, ते पथ्य नव्हतंच.

मग रोजच्या स्वयंपाकाला काय? माझं मत स्पष्ट आहे. फोडणी, भाज्या आणि तळणाला आपलं घाण्याचं किंवा फिल्टर केलेलं शेंगदाणा तेल उत्तम, ऑलिव्हची गरज नाही. मोहरी तडतडेपर्यंत तापलेल्या तेलात हिंग, हळद, कढीपत्ता पडला की ऑलिव्हचा मूळ वास कुणालाही ओळखू येत नाही. ऑलिव्हच हवं असेल तर फोडणीला ‘प्युअर’ घ्या. एक्स्ट्रा व्हर्जिन तापवलं की विष होतं, असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. ते साधारण 190 ते 210 अंशांपर्यंत धूर देत नाही, तळण तर 180 च्या आसपास चालतं. स्पेनमध्ये घरोघरी त्यात अंडी तळतात. नुकसान होतं ते वासाचं आणि पैशांचं.

एक्स्ट्रा व्हर्जिनची जागा कच्च्या तेलाची, आणि कच्चं तेल खायची सवय आपल्याला आधीपासून आहे. मेतकूट-भातावर, झुणक्यावर, ठेच्यावर, लसणाच्या चटणीवर आपण वरून तेल घेतोच. तिथे एक चमचा एक्स्ट्रा व्हर्जिन घालून बघा. टोमॅटोच्या कोशिंबिरीत तर ते फार सुंदर लागतं, तिथे फोडणीच देऊ नका. नुसतं तेल, मीठ आणि भरडलेले मिरे पुरेत. दडप्या पोह्यांत मला आवडलं नाही. ओल्या नारळाशी त्याचा कडवटपणा जुळत नाही.

पारख अशी करा. लहान वाटीत चमचाभर तेल घ्या, वर तळहात झाका आणि वाटी दुसऱ्या हातात धरून दोनेक मिनिटं कोमट होऊ द्या. चाखणारी मंडळं तेल 28 अंशांवर आणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ते आपोआपच तेवढं असतं. हात काढून लगेच वास घ्या. कापलेलं गवत, टोमॅटोची पानं, कच्चं केळ यातलं काही आठवलं पाहिजे. मग घोट घ्या, दातांतून थोडी हवा आत ओढा आणि गिळा. जिभेवर कडवटपणा आणि घशात मिरीसारखी झणझण आली तर घाबरू नका, ती खूण चांगली आहे. घशातली ती झणझण ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाची. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा ठसका लागला आणि तेल बिघडलंय असं वाटून बाटली परत करायला निघाले होते.

दोष ओळखायला आपल्याकडे नेमका शब्द आहे: खवट. जुन्या खोबऱ्याचा, उघड्या राहिलेल्या शेंगदाण्यांचा जो वास येतो, तोच ऑलिव्ह तेलाला आला तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ते एक्स्ट्रा व्हर्जिन राहिलेलं नाही. व्हिनेगरसारखा किंवा कुबट वास आला तरी तेच. कसलाच वास नसेल तर ते रिफाइंड समजा.

तिखट-कडवट चव घरात कुणाला सोसत नसेल तर बाटलीवर फळाची जात लिहिली आहे का ते बघा. स्पेनची आर्बेकीना सौम्य असते, मुलांना चालते. पिक्वाल कडक, पण जास्त दिवस टिकते. ग्रीसची कोरोनेइकीही चांगली झणझणीत. मी पिक्वाल घेते.

घेताना गडद काचेची किंवा पत्र्याची घ्या, पारदर्शक प्लास्टिकची नको. उजेडाने तेल लवकर खवट होतं. आणि अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नको. भूमध्य समुद्राभोवती फळं ऑक्टोबर ते जानेवारीत उतरवतात, तेव्हा काढणीची तारीख छापलेली असेल तर सर्वांत अलीकडचा हंगाम निवडा. 2022-23 च्या हंगामात दुष्काळामुळे स्पेनचं उत्पादन निम्म्यावर आलं आणि पुढे भाव भडकले. अशा काळात फारच स्वस्त एक्स्ट्रा व्हर्जिन दिसलं तर संशय घ्यावा. बाळाच्या मालिशीसाठी मेडिकलमधून आणलेला डबा असेल तर त्यावर खाद्यतेलाचा एफएसएसएआय क्रमांक बघितल्याशिवाय तो ताटात आणू नका.

बाटली गॅसजवळ ठेवू नका, बंद कपाटात ठेवा. थंडीत तेल गढूळ झालं किंवा तळाशी गोळे दिसले तर घाबरायचं कारण नाही, कोमट जागी ते पुन्हा पातळ होतं. फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे शुद्ध, ही परीक्षाही खरी नाही. बाटली उघडली की मी झाकणावर मार्करने तारीख लिहिते आणि दोन-तीन महिन्यांत संपवते. आमच्या घरी दोघांना मिळून अर्धा लिटर साधारण दीड महिना पुरतं, रोज प्रत्येकी एक लहान चमचा. तो चमचा फोडणीच्या तेलातून वजा करायचा असतो, वर वाढवायचा नसतो.