बालीत दोन महिने एकटीने राहायचंय? या चुका टाळा

आठ दिवसांसाठी बालीला जाणाऱ्यांना माहितीची कमतरता नाही. कुठला धबधबा, कुठला झोका, कुठल्या देवळापाशी किती वाजता फोटो काढायचा, सगळं मिळतं. दोन महिने राहायचं म्हटलं की ही शिदोरी पहिल्या आठवड्यातच संपते. २०२३ साली, एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या आधी, मी फेब्रुवारी ते एप्रिल तिथे एकटी राहिले. चुका भरपूर केल्या आणि त्यातल्या बहुतेक एकाच जातीच्या होत्या. बिऱ्हाड थाटायचं होतं आणि मी वागत होते सहलीला आल्यासारखी.

तीस दिवस म्हणजे एक महिना नव्हे

भारतीयांना बालीच्या विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो. फी ५ लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन), मुदत ३० दिवस, आणि आणखी ३० दिवसांसाठी तो एकदाच वाढवता येतो. इथपर्यंत सगळे वाचतात. उतरलो तो दिवस पहिला धरतात, हे मात्र निसटतं.

मी उतरले महाशिवरात्रीला, १८ फेब्रुवारीला. पासपोर्टवर शिक्का पडला तेव्हा रात्रीचे बारा वाजायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत माझा अख्खा एक दिवस गेला, आणि मी खुशाल १९ तारखेपासून मोजत २० मार्च डोक्यात धरून बसले. व्हिसाचं काम करणाऱ्या एजंटबाईंनी शिक्का पाहिला, टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं आणि पेनाच्या टोकाने एकेक चौकोन मोजत त्या १९ मार्चवर थांबल्या. रविवार. म्हणजे कचेरी शुक्रवारपर्यंतच उघडी. हातात सात-आठ कामाचे दिवस उरले होते, म्हणून तातडीचे जास्तीचे पैसे मोजले. मुदत ओलांडली असती तर दंड होता दिवसाला १० लाख रुपिया, त्यापुढे हे स्वस्तच.

तेव्हा मुदतवाढीच्या कामाला पंधराव्या-सोळाव्या दिवशीच लागा. अर्ज ऑनलाइन होतो, कागद एजंट सांभाळतो, पण फोटोसाठी इमिग्रेशनच्या कचेरीत स्वतः जावं लागतं. दोन महिने राहायचं आधीच ठरलेलं असेल तर निघण्यापूर्वीच ६० दिवसांचा पर्यटक व्हिसा काढावा, कटकट वाचते. परतीचं किंवा पुढचं तिकीट मुंबईच्या काउंटरवरच मागतात, तेही जवळ असू द्या. बालीच्या कॅफेंमध्ये लॅपटॉप उघडून बसलेले शेकडो लोक दिसतात, पण या व्हिसावर काम करायला परवानगी नाही.

मी गेले तेव्हा नसलेला एक कर आता आहे. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपिया भरावे लागतात. ते आधीच ऑनलाइन भरा, फक्त संकेतस्थळाचा पत्ता ‘गो डॉट आयडी’वर संपतो ना, ते बघून घ्या. सरकारी दिसणारी बनावट संकेतस्थळं बरीच आहेत.

फोटो बघून महिन्याची खोली घेणं

चांगू या किनाऱ्यालगतच्या भागातली खोली फोटोत देखणी होती. समोर भातखाचर, खिडकीत चाफा. ते खाचर फोटो काढल्यानंतर विकलं गेलं असावं, कारण मी पोचले तेव्हा तिथे तीन मजले उभे राहत होते. सकाळी सातला ग्राइंडर सुरू. पैसे महिन्याचे आगाऊ भरलेले. अकराव्या दिवशी उरलेल्या भाड्यावर पाणी सोडलं आणि सानूरला गेले.

आधी चार-पाच रात्रींचंच बुकिंग करा आणि मग पायी हिंडून खोली शोधा. रात्री दहाला एकदा आणि सकाळी सातला एकदा त्या गल्लीत उभं राहून या. चांगूत तरुण गर्दी, पार्ट्या आणि वाहतुकीची कोंडी. कुता-सेमिन्याकमध्ये दुकानं आणि गोंगाट. उबुद सुंदर, पण तिथे समुद्र नाही. सानूर शांत, थोडं म्हातारं, आणि एकटीने राहायला मला तेच मानवलं. गल्लीबोळांत ‘तेरिमा कोस’ अशा पाट्या दिसतात. कोस म्हणजे महिन्याच्या भाड्याची खोली, ‘कोस पुत्री’ म्हणजे फक्त मुलींसाठी. या खोल्या बुकिंगच्या ॲपवर क्वचितच सापडतात.

खोली बघताना विजेचं जरूर विचारा. बऱ्याच ठिकाणी प्रीपेड मीटर असतो. इंदोमारेत किंवा आल्फामार्तसारख्या दुकानातून टोकन घ्यायचं, पावतीवर वीस आकडे येतात, ते मीटरच्या बटणांवर दाबायचे. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. सानूरच्या तिसऱ्या रात्री दोन वाजता दाराबाहेर टीं-टीं सुरू झालं. धुराचा अलार्म समजून मी पासपोर्ट छातीशी धरून अंगणात आले. घरमालकीण, जिला सगळे इबू म्हणजे आई म्हणतात, गाउनवर शाल ओढून आली, भिंतीवरच्या डबीतल्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं आणि हसत सुटली. युनिट संपत आले होते, एवढंच.

नळाचं पाणी पिऊ नका. १९ लिटरचा गॅलन दुकानदार घरपोच आणतो. आणि आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, दोन पिनांची जाते.

शून्यांचा गोंधळ

लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे रुपये. शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला साधारण साडेपाचने गुणा, काम भागतं. लाखाची नोट लालसर, दहा हजारांची जांभळी. अंधारात रिक्षावाल्याला द्यावी तशी घाईने नोट दिली की दहापट जाते.

पैसे बदलून देणाऱ्या टपऱ्यांवर बाजारापेक्षा चढा दर लिहिलेला दिसला तर पुढे चालू लागा. तिथला माणूस छोट्या नोटांची चळत तुमच्यासमोर मोजतो, तुम्हीही मोजता, बरोबर भरते. मग तो ‘एकदा नीट लावून देतो’ म्हणून ती परत हातात घेतो आणि टेबलाच्या कडेशी तीन-चार नोटा मागच्या बाजूने खाली सोडतो. नियम एकच, शेवटची मोजणी आपली, आणि त्यानंतर नोटांना दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

एटीएमवर माझी फजिती वेगळी झाली. तिथली बरीच यंत्रं आधी पैसे देतात आणि मग कार्ड. पैसे हातात आले की काम संपलं, अशी आपल्याला सवय. मी पैसे मोजत बाहेर पडले आणि कार्ड यंत्राने गिळलं. दुसरं कार्ड बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात होतं म्हणून निभावलं. एकट्या माणसाजवळ दोन कार्डं हवीतच, कारण उसने द्यायला शेजारी कुणी नसतं.

‘पुण्यात दहा वर्षं चालवतेय की’

हे वाक्य मीही म्हटलंय. बालीत वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, स्कूटर महिन्याला दहा लाख रुपियांच्या आसपास मिळते, भाड्याने देणारा लायसन्स विचारत नाही. विचारतो तो पोलीस, आणि अपघातानंतर विमा कंपनी. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्यापूर्वीच काढा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. लायसन्स फक्त चारचाकीचं असेल तर या परवान्यावरही दुचाकी येत नाही, आणि मग दवाखान्याचं बिल आपलंच. प्रवास विम्यात दुचाकी धरली आहे का, तेही वाचा.

अनामत म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नका, झेरॉक्स द्या. घेताना स्कूटरच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, जुन्या ओरखड्यांसकट.

माझ्या उजव्या पोटरीवर रुपयाच्या नाण्याएवढा डाग आहे. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. मी हाफ पँटमध्ये, घाईत, उजवीकडून उतरले. इतक्या परदेशी पोटऱ्यांवर हा डाग असतो की तिथे त्याला ‘बालीचा टॅटू’ म्हणतात. डावीकडूनच चढा-उतरा, आणि पार्किंगमध्ये शेजारच्या तापलेल्या स्कूटरपासूनही पाय जपा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको. दमट हवेत जखम लवकर चिघळते, म्हणून भरेपर्यंत समुद्रात जाऊ नका. माझे त्यात बारा दिवस गेले.

चांगूच्या ‘शॉर्टकट’ रस्त्यावर समोरून गाडी आली की स्कूटरी थेट भातखाचरात उतरतात. तिथे पहिल्या आठवड्यात जाऊच नका. गाडी बोलवायला गोजेक आणि ग्रॅब ही ॲप आहेतच. काही किनाऱ्यांवर स्थानिक टॅक्सीवाले ॲपच्या गाड्यांना आत येऊ देत नाहीत. वाद घालू नका, दोनशे पावलं चालत मोठ्या रस्त्यावर या.

शाकाहारींनो, तेरासी हा शब्द पाठ करा

‘मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही. तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, आपल्या सुकटीच्या वळणाचा वास, आणि तो बहुतेक सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत असतो. गादो-गादोच्या, म्हणजे तिथल्या भाज्यांच्या सॅलडच्या, शेंगदाण्याच्या रश्श्यातही कधी कधी सापडतो. ‘तानपा तेरासी’, म्हणजे तेरासीविना, असं मागा. कोकणातली असल्याने मला तो वास घरचाच वाटला, पण आठवडाभर आलेल्या माझ्या शाकाहारी मैत्रिणीने तीन दिवस तेच चवीने खाल्लं आणि चौथ्या दिवशी अर्थ कळल्यावर माझ्याशी अबोला धरला. तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि ताहू, म्हणजे टोफू, प्रत्येक वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, असतं, उपाशी कुणी राहत नाही.

पोट बिघडतंच. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, तिथे ‘ओरालित’ नावाने मिळतात.

समुद्र, कुत्री, माकडं

कुता ते चांगू या पश्चिम किनाऱ्यावर माणसाला आत ओढणारे प्रवाह आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊ नका. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाजूला व्हा आणि हात वर करा. एकटे असाल तर पाण्यात शिरण्यापूर्वी जीवरक्षकाच्या नजरेस पडा. डिसेंबर ते फेब्रुवारी याच किनाऱ्यावर लाटांबरोबर कचऱ्याचे ढीग येतात. किनाऱ्यासाठीच जायचं असेल तर मे ते सप्टेंबर बरा.

बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रं किंवा माकड चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. उलुवातूच्या देवळातली माकडं चष्मा पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच सोडतात. हिसकावून घ्यायला जाल तर चावतील.

न्येपीची तारीख न बघणं

ही चूक करता करता वाचले, तीही इबूमुळे. न्येपी हे बालीचं शक वर्षारंभाचं पर्व. शक आपलाच, आकडाही तोच. २०२३ मध्ये ते २२ मार्चला आलं, आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी, आणि दोघांकडे १९४५ लागलं. दर वर्षी दिवस जुळतोच असं नाही, २०२६ मध्ये मात्र पुन्हा १९ मार्चला दोन्ही एकत्र.

सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत सगळं बेट थांबतं. विमानतळ बंद. रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, पर्यटकांनीसुद्धा. आग पेटवायची नाही, दिवे बाहेर दिसू द्यायचे नाहीत. चौकटीच्या लुंगीतले पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, गस्त घालतात. मोबाइलचं इंटरनेट बंद. खाणं, पाणी, औषधं, रोख पैसे आदल्या दुपारपर्यंत आणून ठेवा. संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या, म्हणजे राक्षसांच्या प्रचंड पुतळ्यांच्या, मिरवणुका निघाल्या की रस्ते अडतात.

मिरवणुकीला निघताना इबूने मला दारात अडवलं आणि मीटरकडे बोट दाखवलं. चार युनिट उरले होते. दुसऱ्या दिवशी दुकान नाही, इंटरनेट नाही, टोकन कुठून येणार? धावत जाऊन वीस आकडे घेऊन आले.

त्याच रात्री मी तिला आमच्या सणाचं सांगितलं. मोडकं इंग्रजी, मोडकी बहासा, म्हणजे इंडोनेशियाची भाषा. कडुनिंबाचं चित्र फोनवर दाखवलं तर ती म्हणाली, ‘इंतारान!’ बाली भाषेत कडुनिंब म्हणजे इंतारान, आणि सानूरमधल्या एका गावाचं नावही तेच. पहाटे साडेपाचला तिने परसातली एक डहाळी तोडून आणली. मी फरशी पुसायच्या काठीला बाटिकचा सारोंग बांधला, वर स्टीलचा पेला उपडा घातला आणि अंगणाच्या कोपऱ्यात, बाहेरून दिसणार नाही अशी, गुढी उभी केली. नैवेद्याला ताडगुळाचा खडा. इबूने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे गालुंगान या सणाला दारापुढे वाकलेला उंच सजवलेला बांबू उभारतात, त्याला पेंजोर म्हणतात.

‘पेंजोर कचिल,’ ती म्हणाली. छोटा पेंजोर. मग घड्याळ बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. सहा वाजत आले होते.