रात्री पाय वळवळतात तेव्हा

दिवा मालवला की माझ्या पोटऱ्यांत आतून काहीतरी सरपटायला लागतं. उठून चाललं की थांबतं. तुमचंही असंच असेल तर आधी रक्तातलं फेरिटिन तपासा (शरीरात लोहाचा साठा किती ते त्यावरून कळतं; तो कमी पडला की असं होऊ शकतं). हिमोग्लोबिन चांगलं असूनही ते कमी निघू शकतं. ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा लोहाच्या गोळ्या देतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. संध्याकाळचा चहा तर बंदच (मला हेच सगळ्यात जड गेलं). त्रास सुरू झाला की पोटऱ्या ताणा, चोळा.

झोपेचं खोबरं झालं की दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंवरही खेकसते, म्हणून सकाळीच सांगून टाकते, ‘आज रात्र वाईट गेली.’ उदासी हटेना तर डॉक्टरांकडे जा, पण पायांचंही सांगा: नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनीही वळवळ वाढते. चालू गोळी मात्र परस्पर सोडू नका.