रीनोला बॉलिंग स्पर्धेसाठी निघण्याआधी

तयारीतला पहिला निर्णय कोणता बॉल न्यायचा हा नसून कधी पोहोचायचं हा आहे. तुमचा स्क्वॉड (खेळायची नेमून दिलेली पाळी) सकाळचा असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत रीनोत, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या या कॅसिनोंच्या शहरात, पोहोचा. रात्री उशिरा उतरलात तर चेक-इन काउंटर आणि तुमची खोली यांच्यामध्ये कॅसिनोचा अख्खा मजला पडलेला असतो, आणि दमलेला माणूस "दहा मिनिटं बसू" म्हणतो. तिथे बाहेरचा उजेड येत नाही, घड्याळ दिसत नाही. खरं तर विमानतळावरच स्लॉट मशीन मांडलेली आहेत, त्यामुळे सामानाची वाट बघतानाच मोह सुरू होतो. टीममध्ये एकमेकांना आधीच सांगून ठेवावं: पहिल्या रात्री सामान थेट खोलीत, मग जेवण, मग झोप. कॅसिनो स्पर्धेतल्या शेवटच्या फ्रेमनंतरही उघडाच असतो. टीममध्ये एकवीसपेक्षा लहान कुणी असेल तर नेवाडात त्याला कॅसिनोतून चालत जाता येतं, पण रेंगाळता येत नाही.

आता बॅग. पंधरा पौंडाचे तीन बॉल म्हणजे ४५ पौंड झाले आणि बहुतेक विमान कंपन्यांची चेक-इन बॅगेची मर्यादा ५० पौंडांची. बॅगेचं स्वतःचं वजन, टॉवेल, अंगठ्यासाठीची टेप धरली की काटा पुढे सरकतोच, म्हणून घरीच वजन करून बघा. तीन बॉल नेणार असाल तर ते दोन बॅगांत विभागा. दोनच नेणार असाल तर त्यातला एक साधा प्लास्टिकचा, स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिन पाडण्यासाठी. स्पर्धेत लेनवर लावलेलं ऑइल आपल्या नेहमीच्या सेंटरसारखं सांभाळून घेत नाही, आणि तिथे हुकलेल्या स्ट्राइकपेक्षा (एकाच फेकीत सगळ्या पिन) सुटलेले स्पेअर जास्त महाग पडतात. शूज मात्र केबिनच्या बॅगेतच हवेत. बॅग हरवली तर बॉल कुणाचा तरी मागता येतो, पण पायाला सवय झालेला सोल मागून मिळत नाही.

नियम घरीच वाचावेत. अमेरिकेत यूएसबीसीच्या (तिथली बॉलिंगची नियामक संस्था) मान्यताप्राप्त स्पर्धेत २०१९ पासून खेळ चालू असताना बॉल फक्त कोरड्या टॉवेलने पुसता येतो. क्लीनरची बाटली लेनवर काढायची नाही. २०२० पासून बॅलन्स होल (बोटांसाठी नसलेलं, तोल साधायला पाडलेलं जादा भोक) चालत नाही, त्यामुळे कपाटातला जुना लाडका बॉल नेण्याआधी भोकं मोजा. बॉलला पॅड मारायचा, म्हणजे पृष्ठभाग घासायचा असेल तर खेळ सुरू होण्याआधीच. ओळखपत्र, सदस्यत्व आणि ॲव्हरेजची नोंद फोनमध्ये तर ठेवाच, कागदावरही ठेवा.

रीनो साधारण साडेचार हजार फुटांवर आहे आणि हवा कोरडी. अंगठा कधी आकसतो, कधी कडेला चिरतो; कालपर्यंत घट्ट असलेलं बॉलचं भोक अचानक सैल वाटतं. टेपचे दोन-तीन प्रकार, छोटी कात्री (तीही चेक-इन बॅगेतच बरी) आणि पाण्याची बाटली हवी. जुगार खेळणाऱ्याला कॅसिनोत फुकट मिळणारी दारू या हवेत सकाळी वसूल होते. कॅसिनोच्या मजल्यावर सिगारेटचा धूर असतो, दम्याचा त्रास असेल तर इनहेलर खिशात ठेवा आणि धूम्रपानमुक्त खोली आधीच मागा. खोलीच्या दराखेरीज रिसॉर्ट फी लागते ती बुकिंग करतानाच बघून घ्या.

पैशांची पाकिटं वेगळी करा: प्रवेश फी, जेवण, कॅसिनो आणि साइड पॉट (खेळाडूंनी आपापसात लावलेले पैसे). कॅसिनोचं पाकीट संपलं की संपलं, एटीएमकडे वळायचं नाही. तिथलं शुल्कही जबर असतं. माझं लक्ष मात्र चौथ्या पाकिटावर जास्त असतं, कारण त्याला कुणी जुगार म्हणत नाही. त्यातला ब्रॅकेट म्हणजे बाद पद्धतीची पैज. त्यात आठ जण सहसा ५-५ डॉलर घालतात, ४० जमतात. जिंकणाऱ्याला २५, दुसऱ्याला १०, उरलेले ५ चालवणाऱ्याचे. म्हणजे साडेबारा टक्के कापले गेले. दोन शून्यांच्या अमेरिकन रुलेटमध्ये कॅसिनोचा वाटा ५.२६ टक्के! ब्रॅकेटमध्ये तुमच्या हातचं कौशल्य आहे हे खरं, पण समोरचे सातही आठवडाभर सराव करूनच आलेले असतात. किती ब्रॅकेट घ्यायचे हा आकडा घरी ठरवावा, काउंटरवर नाही.

गाडीने येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या बे एरिया किंवा सॅक्रामेंटोहून आय-८० महामार्गाने येताना लागणारा डॉनर समिट घाट ७,२०० फुटांच्या वर आहे. हिवाळ्यात, आणि वसंतातही, तिथे चाकांना साखळ्या लावायचा हुकूम निघतो. निघताना रस्त्याची स्थिती बघा, साखळ्या डिकीत तळाशी नको. बॉल रात्रभर गाडीत ठेवू नका. गारठ्यातून एकदम उबेत आणले तर तडे जाऊ शकतात.

स्पर्धेची जागा, नॅशनल बॉलिंग स्टेडियम, १९९५ साली सुरू झालं, एकूण ७८ लेन, डाउनटाउनच्या कॅसिनोंपासून पायी जाण्यासारखं. पोहोचल्याच्या संध्याकाळी एकदा आत चक्कर मारा: स्वच्छतागृह, नोंदणीचं टेबल, बॉल तपासणी कुठे ते बघून घ्या. आणि शेवटच्या दिवशी स्क्वॉड दुपारचा असेल तर खोली सकाळीच सोडावी लागते, तेव्हा हॉटेलच्या बेल डेस्कवर सामान ठेवता येईल का हे चेक-इन करतानाच विचारा, आणि बॅगा उचलणाऱ्याला बॉल आत आहेत हे आधी सांगा.