जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि आठवणी मुलांच्या हाती कशा द्याव्यात

जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मुलाच्या हाती दिली आणि ‘पहिल्यापासून वाच’ म्हटलं, की ती दहाव्या पानाशी मिटते. जुने लेखक आधी वाडे, दरबार, नातीगोती यांत रमतात आणि प्रसंग मागून येतो. म्हणून सुरुवात आपल्या मुलखातल्या, म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या लढाईपासून करा.

माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ वाचायची असेल तर आधी राक्षसभुवनची लढाई सांगा. गेवराई तालुक्यात गोदाकाठी, १० ऑगस्ट १७६३. निजाम नदी ओलांडून गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर निम्म्या फौजेनिशी अलीकडेच राहिला. मध्ये पुराची गोदावरी, मदत येणार कुठून? मराठ्यांनी नेमका तिथंच घाव घातला आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. पावसाळ्यातली गोदा पाहिलेल्या मुलाला हा डाव नकाशाविना कळतो. ‘पानिपत’ कादंबरीआधी अशीच उदगीरची लढाई, फेब्रुवारी १७६०.

अकरा ते तेरा वयाच्या मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. रोज वीस मिनिटं पुरतात, आणि थांबायचं ते प्रसंग रंगात असताना. चौदाच्या पुढची मुलं स्वतः वाचतील. पण प्रकरण देण्याआधी त्यातले आठ-दहा अडणारे शब्द काढून ठेवा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. हा फरक कळला, की घोडा पडल्यावर शिलेदार का हळहळतो ते समजतं. दस्त, रुजू, मुलूख असे शब्द आजी-आजोबांना विचारायला लावा. निजामी राजवटीत कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळे ते आपल्याकडे अजून तोंडात आहेत.

कादंबरीतले संवाद लेखकानं रचलेले असतात. मुलं तेच इतिहास म्हणून पाठ करतात. यावर उपाय म्हणजे सोबत एक आठवणींचं पुस्तक. आमच्या मते सगळ्यात सरस ‘माझा प्रवास’. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, १८५७च्या धामधुमीत सापडले आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांनी लिहिलं मात्र १८८३च्या सुमारास, छापलं गेलं १९०७ साली. मुलांना विचारा: पंचवीस वर्षांनी काय पक्कं आठवतं? काय ऐकीव असतं? एकेका प्रसंगापुढे पेन्सिलीनं ‘पाहिलं’ किंवा ‘ऐकलं’ लिहायला सांगा. चि. वि. वैद्यांनी छापताना भाषेवर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम हवं असेल तर दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती शोधा. घरातलं वातावरण समजायला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. ती कुठूनही उघडली तरी चालते.

प्रती गावच्या वाचनालयातल्या जुन्या कपाटात सापडतात. पुस्तक घेण्याआधी शेवटची पानं तपासा, बहुतेकदा तीच गळालेली असतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पुढे तपकिरी पडतो आणि पट्टी निघताना अक्षरंही उचलली जातात. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर पुस्तक वेगळं ठेवून मऊ ब्रशनं शिवणीपर्यंत झाडा, सावलीतच. कडक उन्हात जुना कागद आणखी ठिसूळ होतो.