सुकटीचा वास फ्लॅटभर पसरू नये म्हणून

परदेशात आशियाई दुकानांत सुकट, सुके बोंबील मिळतात, पण पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून वास आरपार येतो आणि फ्रिजमधलं लोणी तो आधी ओढून घेतं. आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. भाजण्यापूर्वी कोट-स्वेटर कपाटात, दार बंद; लोकरीत शिरलेला वास लवकर निघत नाही. चिमणीवर विसंबू नका. भाड्याच्या घरांत ती बरेचदा हवा फिल्टरमधून गाळून परत खोलीतच सोडते, तेव्हा थंडी असली तरी खिडकी उघडाच. नंतर ओटा निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घेऊन पुसा (संगमरवरी असेल तर नको, डाग पडतात). मासळीच्या वासातली अमाइन्स ही रसायनं आम्लारीधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) असतात, व्हिनेगरमधल्या आम्लाने ती निष्प्रभ होतात. सुगंधी स्प्रेने मात्र दोन्ही वास एकत्र नांदतात.