खुडूक कोंबडीखाली गिनी फाउलची पिल्लं कशी वाढवायची

गिनी फाउल हा कोंबडीसारखा पाळला जाणारा पक्षी. गिनीची मादी अंडी भरपूर देते, पण आईपण तिला फारसं जमत नाही. कुठल्या तरी झुडपात लपवून अंडी घालते. उबवायला बसलीच, तर पिल्लं निघाल्यावर भल्या सकाळी दवानं ओल्या गवतातून त्यांना घेऊन निघते आणि मागे कोण राहिलं ते बघत नाही. गिनीचं पिल्लू एकदा भिजलं की गारठतं, आणि गारठलेलं पिल्लू क्वचितच वाचतं. गावठी कोंबडी मात्र जरा चालली की थांबते, पंख पसरते, सगळ्यांना पोटाखाली घेते. हा पक्षी मूळचा आफ्रिकेचा. तिथेही, उत्तर घानाच्या खेड्यांत, गिनीची अंडी कोंबडीखालीच ठेवतात.

मशीनमध्ये अंडी उबवून बल्बच्या उबेत पिल्लं वाढवता येतात, नाही असं नाही. पण अशी पिल्लं मोठी झाली की बुजरी होतात आणि संध्याकाळी झाडावर जाऊन बसतात. कोंबडीमागून फिरलेली गिनी दिवेलागणीला तिच्यासोबत खुराड्यात शिरते. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीसुद्धा कोंबडीच बरी.

आधी महिना ठरवा

आपल्याकडे गिनी साधारण मार्च ते सप्टेंबर या काळात अंडी देते. त्यातली मार्चअखेरची आणि एप्रिलच्या सुरुवातीची अंडी बसवायला सगळ्यात चांगली. १ एप्रिलला बसवली तर पिल्लं २८ एप्रिलच्या आसपास निघतात आणि ७ जूनच्या सुमारास पाऊस येतो तेव्हा जवळजवळ सहा आठवड्यांची, अंगावर पिसं आलेली असतात. जुलैत कोकणात किंवा मावळात पिल्लं काढायची हौस असेल, तर त्यांना महिनाभर कोरड्या शेडमध्येच ठेवण्याची तयारी हवी.

कोंबडी कशी निवडायची

गावठी किंवा असील घ्या. गिरिराज, वनराज किंवा अंड्यांसाठीच्या संकरित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. आधी एकदा पिल्लं वाढवलेली कोंबडी मिळाली तर उत्तमच. हात जवळ नेल्यावर ती पिसं फुलवते, घशातून गुरगुरते, चोच मारते, पण जागा सोडत नाही, अशी असली पाहिजे. मात्र नुकतीच खुडूक झालेली निवडा. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, गिनीला २६ ते २८ दिवस लागतात. आठवडाभर आधीच बसून असलेल्या कोंबडीचा धीर ऐन शेवटच्या दिवसांत सुटू शकतो.

अंड्यांवर बसवण्याआधी तिच्या पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का बघा. असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, कारण पिल्लं निघताच त्या त्यांच्या अंगावर चढतात. जंताचं औषधही आधीच देऊन टाका.

अंडी बसवणं

सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, तडा न गेलेली अंडी घ्या. गोळा होईपर्यंत ती थंड जागी, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. एका गावठी कोंबडीखाली १२ ते १५ पुरेत. सगळी अंडी तिच्या अंगाखाली झाकली गेली पाहिजेत. बाहेर डोकावणारं अंडं थंड पडतं, आणि ती रोज अंडी फिरवत असल्यामुळे आज हे तर उद्या ते बाहेर येतं.

कोंबडीला दोन दिवस साध्या अंड्यांवर बसू द्या. टिकून बसली तर रात्री अंधारात ती साधी अंडी काढून गिनीची सगळी अंडी एकदम ठेवा. जागा आडोशाची, इतर कोंबड्या येणार नाहीत अशी हवी, नाहीतर त्या तिथेच अंडी घालत बसतात.

एक युक्ती करण्यासारखी आहे. सहाव्या दिवशी कोंबडीची दोन अंडी पेन्सिलनं खूण करून त्यात सरकवा, म्हणजे सगळी साधारण एकाच वेळी फुटतात. कोंबडीचं पिल्लू आईची हाक जन्मतः ओळखतं, गिनीचं जरा गोंधळतं. त्या दोघांच्या मागे बाकीची धावायला शिकतात. पहिल्याच दिवशी दोन्ही अंडी एकत्र ठेवू नका. एकविसाव्या दिवशी कोंबडी आपली दोन पिल्लं घेऊन उठेल आणि गिनीची अंडी तशीच राहतील.

दहाव्या दिवशी रात्री टॉर्चवर अंडी तपासा. गिनीच्या अंड्याचं कवच जाड आणि तपकिरी असतं, त्यामुळे उजेड प्रखर लागतो. आत गडद ठिपका आणि शिरा दिसल्या तर ठेवा, अगदी स्वच्छ दिसलं तर काढा. शंका असेल तर राहू द्या.

कोंबडी दिवसातून एकदा उठेल, खाईल, विष्ठा टाकेल, परतेल. ज्वारी किंवा मका आणि पाणी जवळच ठेवा. उठतच नसेल तर अलगद उचलून बाहेर काढा. २५ व्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नका.

पिल्लं निघाल्यावर

गिनीचं पिल्लू जेमतेम २५ ग्रॅमचं, अंगावर तपकिरी पट्टे, आणि सुकल्यावर काही तासांतच धावायला लागतं. डालग्याच्या फटीतून ते सहज बाहेर पडतं आणि मग आत यायची वाट त्याला सापडत नाही. म्हणून डालग्याला आतून फूटभर उंचीपर्यंत गोणपाट लावा, किंवा अर्ध्या इंचाची जाळी वापरा. खाली गोणपाट किंवा भाताचं तूस टाका. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि ते पुढे नीट होणं अवघड.

पाण्याची बशी उथळ हवी, तिच्यात खडे टाका. एरवी पिल्लं दोन बोटं पाण्यातही बुडतात. खाद्यात २४ ते २६ टक्के प्रथिनं लागतात. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (पहिल्या दिवसांतलं तयार खाद्य) त्याहून थोडं कमी पडतं, म्हणून सोबत उकडलेलं अंडं कुस्करून द्या, वाळवी मिळाली तर तीही द्या. खाद्यात कॉक्सीचं (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचं) औषध मिसळलेलं आहे का, हे पिशवीवर वाचून घ्या. मोनेन्सिनसारखी औषधं गिनीला बाधू शकतात, तेव्हा पशुवैद्याला विचारूनच वापरा.

विकतची एक-दोन दिवसांची पिल्लं आणली असतील, तर तीन आठवडे तरी बसून असलेल्या कोंबडीखाली रात्री एकेक करून सरकवा आणि अंडी काढून घ्या. पहाटे स्वतः हजर राहा. पट्टेदार पिल्लं पाहून एखादी कोंबडी टोचते. तशी टोचली तर लगेच काढा, ‘सवय होईल’ म्हणून वाट पाहू नका.

बाहेर सोडणं

पहिले आठ-दहा दिवस आई आणि पिल्लं बंदच ठेवा. तिच्या हाकेची ओळख याच दिवसांत पक्की होते. नंतर दव वाळल्यावर, नऊ-दहाच्या पुढे, आखूड गवतात तासभर सोडा. घार, शिक्रा, मुंगूस आणि शेजारचा बोका या चौघांकडे लक्ष असू द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लं उडून दांडीवर बसायला लागतात, तेव्हा खुराड्याला वरूनही जाळी हवी.

सहा ते आठ आठवड्यांत कोंबडी पिल्लांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंडी द्यायला लागते. गिनी तरीही तिच्यामागे फिरत राहतात, फिरू द्या. फक्त संध्याकाळचं दाणापाणी खुराड्यातच द्यायचा नेम मोडू नका. साधारण याच सुमारास आवाजावरून नर-मादी कळू लागतात. दोन सुरांत ओरडते ती मादी, नर एकाच सुरात ओरडतो. चार-पाच माद्यांमागे एक नर ठेवून जास्तीचे नर विकले तरी चालतात.